खरं बोललो, पण कुणासमोर?

पत्राचा सारांश: पत्रलेखक ५८ वर्षांचे आहेत. घरात त्यांची ओळख स्पष्टवक्ते अशी. त्यांच्याहून ११ वर्षांनी लहान असलेल्या मावसभावाने तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून छपाईचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा यांनी विरोध केला होता. अलीकडे तो व्यवसाय बंद करावा लागला. भावाने फेसबुकवर मोठी पोस्ट लिहून ते सगळ्यांना कळवलं, सोबत काम केलेल्यांचे आभार मानले. त्याखाली यांनी लिहिलं, ‘मी तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. ऐकलं नाहीस. असो, आता तरी शहाणा हो.’ पुढे एक हसरा इमोजी. पंचवीसेक जणांनी त्यावर हसून दाद दिली. भावाने उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी पोस्टच काढून टाकली. तोवर एका भाच्याने त्या कमेंटचा स्क्रीनशॉट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता, वर ‘मामा जोरात!’ असं लिहून. भावाची बायको ग्रुपमधून बाहेर पडली. भाऊ आता फोन उचलत नाही. पत्रलेखकांची पत्नी म्हणते, जाहीर माफी मागा. त्यांचं स्वतःचं म्हणणं असं: ‘मी खोटं काय बोललो? चेष्टेत लिहिलं होतं. मनात ठेवून कुढण्यापेक्षा तोंडावर बोललेलं बरं. आजकाल लोकांना खरं सोसतच नाही.’ पुढच्या महिन्यात घरातल्या एका कार्यक्रमात दोघांची गाठ पडणार आहे. माफी मागायची का, मागायची तर कुठे, की यापुढे तोंड आणि फोन दोन्ही बंद ठेवायचे, असं ते विचारतात.

नमस्कार,

तुम्ही खोटं बोलला नाहीत, हे आधी मान्य करून टाकते. तीन वर्षांपूर्वी तुम्ही सावध केलं होतं, त्याने ऐकलं नाही, व्यवसाय बंद पडला. तिन्ही गोष्टी खऱ्या. पण पत्रात तुम्ही हा मुद्दा पुन्हा पुन्हा मांडलाय, आणि मला प्रश्न पडला की तुम्हाला खोटं म्हटलं कुणी? भावाने म्हटलेलं नाही. तो काहीच बोललेला नाही. वहिनी ग्रुपमधून गेल्या त्या तुम्ही असत्य लिहिलंत म्हणून नव्हे. जो आरोप कुणी केलाच नाही त्याचा तुम्ही एवढा बचाव करताय, त्या अर्थी खरा प्रश्न दुसरीकडे आहे आणि तो तुम्हालाही थोडासा दिसलेला आहे. नाहीतर पत्र कशाला लिहिलं असतंत?

आता ते वाक्य जरा बाजूला ठेवून पाहू. त्यातून भावाला नवीन काय कळलं? व्यवसाय बंद पडला हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्ही सावध केलं होतं हेही त्याला ठाऊक होतं. गेल्या तीन वर्षांत, विशेषतः शेवटच्या काही महिन्यांत, ते त्याला अनेकदा आठवलं असणार. म्हणजे ज्याला उद्देशून लिहिलंत त्याला त्या वाक्याचा काडीचा उपयोग नव्हता. ज्यांना ते ठाऊक नव्हतं ते बाकीचे लोक होते. वाक्यात ‘तू’ होता, पण सांगणं होतं इतरांना, आणि सांगायचं होतं ते असं: मला आधीच कळलं होतं. हे वाचून तुम्हाला राग येईल कदाचित. तरी एकदा शांतपणे विचारून बघा स्वतःला. हेच तुम्ही त्याला एकट्याला, फोनवर, त्याने व्यवसाय बंद केल्याचं सांगितल्याबरोबर म्हणाला असतात का? मला वाटतं, नसतात. ‘अरेरे, आता कसं करणार आहेस?’ असंच काहीतरी तोंडून निघालं असतं.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही बोललात ते मात्र अगदी योग्य होतं, आणि त्याचं श्रेय तुम्हाला मिळायला हवं. निर्णय व्हायचा होता, तुम्ही त्याच्याशीच बोलत होतात, आणि ऐकून काही करणं त्याच्या हातात होतं. सल्ला म्हणतात तो हाच. तीन वर्षांनी चारचौघांत तेच वाक्य बोललं की त्यातला सल्ला संपलेला असतो, उरतो फक्त निकाल. शब्द तेच असतात, आणि म्हणूनच बोलणाऱ्याला फरक जाणवत नाही. ऐकणाऱ्याला लगेच जाणवतो.

‘तोंडावर बोललेलं बरं’ असं तुम्ही म्हणता. पण तुम्ही तोंडावर बोललातच नाही. तोंडावर बोलताना समोर चेहरा असतो. ‘ऐकलं नाहीस’ पर्यंत आलात की त्याची मान खाली गेलेली दिसते आणि ‘शहाणा हो’ घशातच राहतं. माणसाचं निम्मं तारतम्य समोरच्याच्या चेहऱ्यावरच चालतं. ते ऑनलाइन का सुटतं, यावर जॉन सुलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये एक लेख लिहिला होता. त्याने दिलेल्या कारणांपैकी दोन तुमच्या प्रसंगाला थेट लागू पडतात: समोरचा दिसत नाही, आणि लिहिलेल्याचा परिणाम पाहायला आपण तिथे थांबत नाही. टाकलं आणि पुढे सरकलो. फरक एवढाच की आपण पुढे सरकलो तरी तो तिथेच असतो, आणि एकेक हसू मोजत असतो.

चेष्टेचं काय, तर २००५ मध्ये जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. काही जणांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने दुसऱ्यापर्यंत पोचवायला सांगितली, काहींना ईमेलने, काहींना आवाजातून. समोरच्याला आपला सूर किती वेळा अचूक ओळखता येईल, असंही आधी विचारलं. ईमेल लिहिणाऱ्यांना वाटलं, सुमारे ७८ टक्के वेळा. प्रत्यक्षात आकडा निघाला ५६ टक्के. गंभीर की उपरोध, हे डोळे मिटून ठोकून दिलं तरी निम्म्या वेळा बरोबर येतं, हे लक्षात घेतलं तर ५६ म्हणजे जवळजवळ काहीच नाही. आवाजातून तो ७३च्या आसपास होता. लिहिताना आपल्या कानात आपलाच आवाज चालू असतो, त्यातली माया, थट्टा, सगळं. कागदावर किंवा पडद्यावर तो आवाज जात नाही, आणि तो गेला नाही हे लिहिणाऱ्याला कळत नाही.

हसऱ्या इमोजीने काम भागतं असं वाटणं स्वाभाविक आहे. त्याचा जन्मच त्यासाठी झाला: १९ सप्टेंबर १९८२ रोजी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या स्कॉट फालमन या संगणकशास्त्रज्ञाने, संगणकावरच्या चर्चेत लोक थट्टा गंभीरपणे घेऊन भांडतात म्हणून, अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस जोडून हसरा चेहरा सुचवला. पण ती खूण सांगते ‘हे वाक्य खरं धरू नका’. तुम्हाला तर लोकांनी ते खरंच धरायला हवं होतं! खरंच आहे असंही म्हणायचं आणि चेष्टा होती असंही, या दोन्ही गोष्टी एका वाक्यासाठी एकदम वापरता येत नाहीत. खोचक बोलण्यापुढे हसरा चेहरा लागला की तो वाचणाऱ्याला आपल्यालाच हसताना दिसतो. त्यात आणखी पंचवीस हसरे चेहरे.

‘मनात ठेवून कुढण्यापेक्षा’ याबद्दलही थोडं. राग बाहेर काढला की मन हलकं होतं, ही समजूत फार जुनी आहे. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, राग आणणाऱ्या माणसाचा विचार करत गुद्दे मारायच्या पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग उतरला नाही. नुसतं बसून राहिलेल्यांपेक्षा ते जास्त चिडलेले निघाले. ओकून टाकणं आणि मोकळं होणं यांत अंतर आहे. पण मला तुम्हाला विचारायचंय ते वेगळंच: तुम्ही कुढत होतात तरी कशाबद्दल? त्याने तीन वर्षांपूर्वी तुमचं ऐकलं नाही, याचं शल्य अजून आहे का? असेल तर ते मोठ्या भावाचं दुखावलेपण आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त ते त्या पोस्टखाली मांडण्याजोगं नव्हतं. त्या दिवशी दुःख त्याचं होतं.

आणि लोकांना आजकाल खरं सोसत नाही, हे मला पटत नाही. पूर्वीही सोसत नसे. पूर्वी मोठ्यांनी कान उपटले तर ते घरातल्या तीन-चार जणांना कळायचं आणि आठवड्याभरात विरून जायचं. आता तेच बोलणं त्याचे जुने सहकारी, बायकोच्या माहेरचे, मुलांचे मित्र, ज्यांच्याकडे उद्या तो काम मागायला जाईल ते, अशा सगळ्यांसमोर होतं, आणि लेखी होतं. माणसं नाजूक झाली नाहीत, श्रोते वाढलेत. शिवाय तुम्ही त्याच्याहून ११ वर्षांनी मोठे. त्याने तिथे काय लिहायला हवं होतं? उलट उत्तर दिलं तर उद्धट, गप्प राहिला तर तुमचं म्हणणं मान्य. ज्याला उलटून बोलण्याची सोय नाही त्याला बोलताना मोठ्या माणसाने दुप्पट जपायला हवं, असं माझं मत आहे. ऑफिसात वरिष्ठाने, वर्गात शिक्षकाने, घरात आईवडिलांनी मुलांच्या फोटोखाली लिहितानाही. मुलगी नाराज होऊन म्हणते, ‘आई, तिथे कशाला लिहिलंस?’ आणि आई म्हणते, ‘मी काय वाईट लिहिलं?’ या संवादातही वाद शब्दांचा नसतोच, जागेचा असतो.

आता माफीचं. मागायची का, याचं उत्तर हो. कुठे, यावर मात्र मी तुमच्या पत्नीशी अर्धीच सहमत आहे.

फेसबुकवर काही लिहू नका. ती पोस्ट गेली, तिच्याबरोबर तुमची कमेंटही गेली. आता तुम्ही तिथे ‘माझ्या भावाच्या पोस्टवर मी असं लिहिलं होतं, त्याबद्दल क्षमस्व’ असं टाकलंत, तर ज्यांना काहीच माहीत नव्हतं त्यांनाही सगळं कळेल, आणि खाली लोक तुमच्या मोठ्या मनाचं कौतुक करतील. कौतुक तुमचं, जाहिरात त्याच्या अपयशाची. ते पुन्हा तेच होईल.

आधी त्याला एकट्याला लिहा. फोन करणं थांबवा. न उचललेले दहा फोन हाही एक दबाव असतो. लिहिलेलं त्याला सवडीने, तयारी झाल्यावर वाचता येतं. रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये माफीच्या घटकांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सगळ्यात प्रभावी ठरला तो चूक स्वतःची म्हणून मान्य करणं, त्याखालोखाल नुकसान भरून काढायची तयारी. सगळ्यात कमी उपयोगाचं ठरलं ते ‘मला माफ कर’ असं मागणं. आपल्या घरांत तर मोठ्याने धाकट्याकडे माफी मागितली की धाकट्याला ‘अरे दादा, माफी कसली’ म्हणावंच लागतं. तो ओठांनी मोकळं करतो आणि आतलं आतच राहतं. म्हणून काही मागू नका. नुसतं सांगा. साधारण असं:

‘तुझ्या पोस्टखाली मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं. तू एवढी अवघड गोष्ट नीट सांगत होतास आणि मी सगळ्यांसमोर माझं शहाणपण मिरवलं. चूक माझी आहे. ग्रुपवरही मी ते वाक्य मागे घेणार आहे. तुला विषय नको असेल तर सांग, लिहिणार नाही. या मेसेजला उत्तर दिलंच पाहिजे असं काही नाही.’

शब्द तुमचे वापरा, तो तुमची भाषा ओळखतो. पण दोन गोष्टी त्यात घुसू देऊ नका. एक, ‘तुला वाईट वाटलं असेल तर’. वाटलंय, तर कसलं? दुसरी, ‘माझा हेतू वाईट नव्हता’. हेतू चांगला असेलही, पण त्याचं प्रमाणपत्र त्याच्याकडून घ्यायची ही वेळ नाही. आणि लिहून झाल्यावर निळ्या खुणा बघत बसू नका.

चार-पाच दिवसांत त्याने ‘नको’ म्हटलं तर ग्रुपवर अवाक्षर काढू नका. हो म्हणाला किंवा काहीच बोलला नाही, तर तुमच्या जागी मी ग्रुपवर लिहीन. कारण स्क्रीनशॉट तिथेच पडून आहे आणि तिथल्या सगळ्यांना वाटतंय की असं बोललं की मामांना शाबासकी मिळते. दोन ओळी पुरेत: ‘माझी ती कमेंट मी मागे घेतो, तसं लिहिणं चुकीचं होतं. तो स्क्रीनशॉट कुणी पुढे पाठवू नये.’ भावाबद्दल एक शब्दही नको. तो किती कष्टाळू आहे वगैरेही नको. त्या ग्रुपवर त्याच्या कष्टांची चर्चा त्याला हवी असती तर त्याने सुरू केली असती. वहिनी ग्रुपवर नाहीत, त्यांना हे दिसणार नाही. त्यांना वेगळा मेसेज लिहा. तीन वर्षं तो व्यवसाय त्यांच्याही घरात राहत होता.

कार्यक्रमात हा विषय काढू नका. पाहुण्यांच्या गर्दीत त्याला कोपऱ्यात गाठून खांद्यावर हात ठेवून काही म्हणालात तर त्याला पुन्हा सगळ्यांसमोर चेहरा सांभाळावा लागेल. नेहमीसारखं बोला. ‘आता पुढे काय?’ हे विचारू नका, दिवसभर त्याला तेच विचारलं जाणार आहे. तो कोरडा वागला तर वागू द्या.

यापुढे तोंड बंद ठेवायचं का? अजिबात नाही. एक तर रुसून गप्प बसणं हेही बोलणंच असतं, आणि चांगलंच टोचणारं. दुसरं, ज्यांनी त्याची पोस्ट वाचली आणि काही न लिहिता पुढे गेले त्यांच्याही गप्प राहण्याने त्याला लागलं असेल. वाईट बातमीखाली काय लिहावं हे सुचत नाही म्हणून अनेक जण गप्प राहतात. अशा वाचकांसाठी सांगते: सांत्वनाची मोठी वाक्यं शोधत बसू नका, त्याच्याच लिहिण्यातली एक गोष्ट उचला. ‘एवढ्यातही आधी सोबत्यांचे आभार मानलेस, हे वाचून तुझा अभिमान वाटला.’ पोस्ट खरंच वाचली, हे त्यातून कळतं. बाकीची चौकशी खासगीत करा, आणि सल्ला विचारला तरच द्या. फार वाटत असेल तर ‘मला एक गोष्ट सुचतेय, सांगू का?’ असं विचारून थांबा. ‘आत्ता नको’ हे उत्तर घ्यायचीही तयारी ठेवा.

सगळं काही खासगीतच बोलावं असंही मी म्हणत नाहीये. कुणी घरच्या ग्रुपवर घातक औषधोपचार किंवा एखाद्याची बदनामी करणारी खोटी बातमी पाठवली तर ती खोटी आहे हे त्याच ग्रुपवर कळायला हवं, कारण तिथल्या सगळ्यांना त्याची गरज आहे. तिथेही मी आधी पाठवणाऱ्याला वेगळं आणि लवकर सांगेन. व्हॉट्सॲपवर सध्या पाठवल्यापासून १५ मिनिटांपर्यंत मेसेज दुरुस्त करता येतो आणि दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ सर्वांसाठी काढून टाकता येतो. तेवढ्यात त्याला स्वतःहून मागे घ्यायची संधी मिळते. नाही घेतला, तर ग्रुपवर माहिती दुरुस्त करायची. ‘कोण बावळट हे पाठवतं’ हे न लिहिताही ती दुरुस्त होते. तुमच्या भावाच्या पोस्टमध्ये मात्र दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. श्रोत्यांपैकी कुणालाही तुमच्या वाक्याची गरज नव्हती.

तुमच्या भावाच्या जागी असलेले वाचकही हे वाचत असतील. तुमच्या पोस्टखालची कमेंट तुम्ही काढू शकता, त्यासाठी कारण द्यावं लागत नाही आणि त्यात अपमानही नाही. तिथेच उत्तर द्यायची गरज नाही. शब्दाने शब्द वाढतो आणि बघणाऱ्यांची करमणूक होते. पण शक्य झालं तर त्या माणसाला एवढं कळवा की ‘ते मला लागलं’. पुष्कळ जणांना खरोखर कळलेलं नसतं. हे पत्रच त्याचा पुरावा आहे.

राहता राहिला तुमचा भाचा. त्याच्यावर तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिलीय, पण प्रकरण घरभर नेलं ते त्याने. तुमची एका जागची चूक त्याने दुसऱ्या जागी नेली आणि तीही कौतुकाने, म्हणून तुम्हाला त्याचा राग आलेला नाही. त्याच्याशी बोला. त्याला रागावू नका. त्याने तुमचंच पाहून केलंय. ‘तो स्क्रीनशॉट तुझ्या फोनमधूनही काढून टाक, आणि आणखी कुणाला पाठवला असशील तर त्यांनाही तसं सांग’ एवढं पुरे. फोन करून सांगा. ग्रुपवर नको.